कट मारून किती वाचतं, किती जातं? नाशिकच्या चौकांचा हिशोब

चौफुली (धागाकर्ता)

नाशिकच्या ट्रॅफिकवर धागा निघाला की तो दोन वाक्यांवर येऊन थांबतो: "रस्ते अरुंद आहेत" आणि "लोकांना शिस्त नाही". ती दोन्ही बाजूला ठेवू आणि एकच गोष्ट घेऊ, लेन बदलणं. इंडिकेटर देऊन बदललेली असो वा कट मारून. त्याने चौकाचं किती नुकसान होतं हे आकड्यांत मांडता येतं, आणि गणित पाचवीच्या पुढचं नाही.

सिग्नल हिरवा झाला की पहिली गाडी हलेपर्यंत साधारण २ सेकंद जातात. मग एका लेनमधून दर २ सेकंदांना एक कार स्टॉप लाइन ओलांडते. हिरवा ३० सेकंदांचा असेल तर (३० − २) ÷ २ = १४ कार. सिग्नलची पूर्ण फेरी १२० सेकंदांची धरली तर तासाला ३० फेऱ्या, म्हणजे एका लेनमधून ४२० कार.

आता समजा डाव्या लेनमध्ये सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या गाडीला उजवीकडे वळायचंय. हिरवा होतो, ती चाकं फिरवते, पण शेजारची लेन सुटलेली असते, त्यामुळे ती तिरकी होऊन अडून बसते. ४ सेकंद जातात. तिच्या मागच्या दोन गाड्या त्या फेरीतून बाद. प्रत्येक फेरीत असा एक शहाणा निघाला तर तासाला ६० गाड्या कमी. ४२० चे ३६०, सुमारे १४ टक्के घट.

खरी मेख पुढे आहे. त्या लेनमध्ये तासाला ४०० गाड्या येत असतील तर ४२० ची क्षमता त्यांना पुरते, रांग दर फेरीला जवळपास संपते. क्षमता ३६० झाली की तासाभरात ४० गाड्या शिल्लक राहतात. उभ्या कारला पुढच्या-मागच्या फटीसकट साडेसहा मीटर धरा, रांग झाली २६० मीटर. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा स्मार्ट रोड १.१ किलोमीटरचा, आणि त्यात सीबीएस आणि मेहेर सिग्नल मध्ये येतात. म्हणजे दोन चौकांमध्ये सरासरी पावणेचारशे मीटरसुद्धा नाहीत. १४ टक्के घट ऐकायला किरकोळ वाटते, पण रांग मागच्या चौकाच्या दारात जाऊन उभी राहते ती तिच्यामुळेच.

मागचा_ब्रेक

सिग्नल नसलेल्या रस्त्याचं मी जोडतो.

४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पुढच्या गाडीपासून २ सेकंदांचं अंतर म्हणजे २२ मीटर. या फटीत शेजारून कार घुसली की तिची स्वतःची ४ मीटर लांबी वजा जाऊन १८ मीटर उरले, आणि ते दोघांत वाटले गेले. मागच्याकडे आता जेमतेम ९ मीटर, एक सेकंदही नाही. तो ब्रेकवर पाय ठेवतो. त्याच्या मागच्याला लाल दिवा दिसतो, तो थोडा उशिरा पण थोडा जास्त दाबतो. त्याच्या मागचा आणखी जास्त. सातव्या-आठव्या गाडीपर्यंत कुणीतरी पूर्ण थांबलेलं असतं, आणि ज्याने कट मारला तो तोवर पुढच्या सिग्नलला पोचलेला असतो. त्याला काही झाल्याचं कळतही नाही.

२००८ साली जपानमधल्या संशोधकांनी २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या ताशी ३० च्या आसपास चालवून बघितल्या. चौक नाही, सिग्नल नाही, खड्डा नाही, लेनही एकच. तरी थोड्या वेळात थांबा-निघाची लाट तयार झाली आणि ती ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिली. ताशी २० म्हणजे १०० मीटर मागे जायला १८ सेकंद. लेन न बदलता नुसत्या ब्रेकच्या चुकांतून हे होतं, तर कट मारणारा त्यात किती भर घालत असेल बघा.

सातपूर_शिफ्ट

हे सगळं जर्मनी-जपानसाठी ठीक. आपल्याकडे लेन आहे कुठे? पट्टे पावसाळ्यापर्यंत टिकतात. ७ मीटरच्या रस्त्यावर सिग्नलला कारच्या तीन रांगा, मधल्या फटींत दुचाक्या, डाव्या कडेला रिक्षा. आणि खरं सांगायचं तर यातून जास्तच गाड्या निघतात. दोन शिस्तशीर रांगा लावल्यात तर शेपूट दुप्पट लांब होईल. "लेन बदलली" असं म्हणायला आधी गाडी लेनमध्ये असावी लागते.

पीसीयू_मास्तर

सातपूर_शिफ्ट, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा आपल्या मानकांनीही मान्य केलाय.

आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) १९९४ च्या एसपी:४१ या मार्गदर्शिकेत सिग्नलची क्षमता लेनवर मोजत नाहीत, रुंदीवर मोजतात. साडेपाच मीटरच्या वरच्या रस्त्याला दर मीटर रुंदीमागे हिरव्याच्या तासाला (म्हणजे सिग्नल सलग तासभर हिरवा धरून) ५२५ पीसीयू. पीसीयू म्हणजे 'कार'चं माप: कार १, बाकीच्या गाड्या त्या पटीत. ७ मीटरला ५२५ × ७ = ३६७५. आता दोन शिस्तीच्या लेन, प्रत्येकीत दर २ सेकंदांना एक कार: १८०० × २ = ३६००. फरक किती? ७५. दोन टक्के. तीन रांगा चेपून बसवल्याने जो फायदा "दिसतो" तो जवळपास एवढाच आहे. रांग आखूड दिसते हे खरं, पण तासाला निघणाऱ्या गाड्या फारशा वाढत नाहीत.

आणि हे फक्त स्टॉप लाइनपुरतं. कारची रुंदी साधारण १.७ मीटर, आरशांसकट १.९. तीन कार म्हणजे ५.७ मीटर. ७ मधून उरले १.३, ते चार फटींत वाटले तर प्रत्येक फट ३३ सेंटिमीटर, एक वीत आणि वर चार बोटं. ताशी १० ला हे चालतं. ३० ला नाही चालत, कारण ड्रायव्हर कितीही सराईत असला तरी गाडी इकडेतिकडे वीतभर हलतेच. म्हणून चौक ओलांडल्यावर तिसरी रांग दोन्हींमध्ये मुरावी लागते. तुम्ही स्टॉप लाइनवर वाचवलेले सेकंद चौकाच्या पलीकडच्या ५० मीटरमध्ये सक्तीच्या लेनबदलात परत जातात. आणि पलीकडे तोंडावरच रिक्षा थांबलेली असली तर त्याहून जास्त जातात.

अवांतर: ३३ सेंटिमीटरच्या फटीमुळेच निम्म्या गाड्यांचे डावे आरसे मिटलेले असतात. मिटलेला आरसा घेऊन डावीकडे सरकणं म्हणजे काय, हे वेगळं लिहायला नको.

सातपूर_शिफ्ट

५२५ चा हिशोब माहीत नव्हता. पण दुचाकीचं काय? ती फटीतून पुढे येऊन स्टॉप लाइनच्याही पुढे उभी राहते. हा लेनबदल म्हणायचा की काय?

पीसीयू_मास्तर

तो फायद्याचा प्रकार आहे, एका अटीवर. दुचाकी कारपेक्षा चटपटीत निघते. पुढे १२-१५ दुचाक्या जमल्या तर हिरव्याच्या पहिल्या काही सेकंदांत, म्हणजे कार अजून क्लच सोडतेय तोवर, त्या बऱ्याचशा निघून जातात. त्याच १५ दुचाक्या कारच्या मागे लेनमध्ये उभ्या केल्या तर जागा आणि वेळ दोन्ही जास्त खातात. आयआरसी:१०६ (१९९०) मध्ये दुचाकीचं पीसीयू प्रवाहात त्यांचं प्रमाण ५ टक्के असेल तर ०.५ आणि १० टक्के वा जास्त असेल तर ०.७५ धरलंय. नाशिकला अर्थातच दुसरा आकडा लागू.

अट अशी की त्यांनी झेब्र्यावर आणि डावीकडे वळणाऱ्यांच्या तोंडावर उभं राहू नये. डावीकडे वळायला मोकळी जागा असलेल्या चौकात चार सरळ जाणाऱ्या दुचाक्या त्या तोंडाशी थांबल्या की डावीकडची अख्खी लेन लाल सिग्नलभर अडकते. झेब्र्याच्या अलीकडे ४-५ मीटरचा दुचाकी-चौकोन रंगवून कारची स्टॉप लाइन तेवढी मागे घेणं, हा यावरचा स्वस्तातला उपाय. रंग सोडून खर्च नाही.

गोदाकाठची_ताई

थिअरी कळली. आता कामाचं विचारते. पुणे रोडने नाशिकरोडकडून द्वारका चौकात येताना कुठल्या लेनमध्ये असावं? तिथे दर वेळी कुणीतरी डावीकडून उजवीकडे आणि कुणीतरी उजवीकडून डावीकडे जात असतं. दोघंही वैतागलेले.

चौफुली

ताई, द्वारकेचं दुखणं तेच: फुलीसारखा छेद. नाशिकरोडकडून येताना डावीकडे मुंबई नाका, समोर सारडा सर्कल, उजवीकडे पंचवटी-आडगाव. मुंबई नाक्याला जाणारा डाव्या लेनमध्ये हवा, आडगावचा उजव्या, सारडा सर्कलचा मधे किंवा डावीकडे. हे सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते ठरवण्याच्या जागेत. उजव्या लेनची रांग लांब दिसते म्हणून आडगाववाला डावीकडून पुढे येतो आणि शेवटच्या २०-३० मीटरमध्ये उजवीकडे नाक घालतो. मुंबई नाक्याचा उजवीकडून वेगात येतो आणि त्याच २०-३० मीटरमध्ये डावीकडे घुसतो. दोन वाटा एकमेकींना जिथे छेदतात ती जागा चौकाच्या जितकी जवळ, तितका छेद महाग, कारण तिथे वेग शून्याच्या जवळ असतो आणि सुटायला फट नसते.

म्हणून नियम सोपा ठेवायचा. रांगेचं शेपूट दिसायच्या आधी लेन ठरवायची. चौकाच्या १५०-२०० मीटर अलीकडे गाड्या २५-३० च्या वेगात असतात, फटी १५ मीटरच्या असतात, तिथे सरकलं तर कुणाला ब्रेकही लागत नाही. तोच बदल २० मीटरवर केला तर मागची पूर्ण लेन थांबते. लेन बदलणं वाईट नाही, जागा वाईट असते.

आणि चुकीच्या लेनमध्ये सापडलात तर? ती लेन जिथे जाऊ देते तिथे जा आणि पुढून वळून या. चार-पाच मिनिटं जास्त लागतील. हा सल्ला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही.

आरसा_उघडा

लेन कशी बदलायची ते नीट लिहितो, कारण ड्रायव्हिंग टेस्टमध्ये हे कुणी बघत नाही.

आतला आरसा, मग ज्या बाजूला जायचं तो बाहेरचा आरसा. मग इंडिकेटर, आणि तो लावल्यावर किमान ३ सेकंद काही करायचं नाही. इंडिकेटर म्हणजे विनंती, हुकूम नाही. मग त्या बाजूला मान वळवून खांद्यावरून एक नजर, कारण मागच्या दाराच्या रेषेत आलेली दुचाकी कुठल्याच आरशात नसते. मग सरकायचं, ३-४ सेकंद घेऊन, वेग न तोडता. ब्रेक दाबून लेन बदलणं ही सगळ्यात वाईट सवय. त्याने तुम्ही दोन लेनच्या गाड्या एकाच वेळी थांबवता.

फटीचा हिशोब असा. तुम्ही ४० ला आहात, मागून येणारी कार ५० ला. फरक ताशी १०, म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. ती २० मीटर मागे असेल तर ७ सेकंद आहेत तुमच्याकडे, पुरेसे. मागून येणारी बाइक ६० ला असेल तर फरक सेकंदाला ५.६ मीटर. तेच २० मीटर साडेतीन सेकंदांत संपतात, आणि तुमचा बदल व्हायला लागतात चार. आरशात अंतर तेवढंच दिसतं, वेग दिसत नाही. म्हणून आरशात एकदा नाही, दोनदा बघायचं. दोन नजरांमध्ये गाडी किती मोठी झाली ते बघायचं.

डाव्या बाजूचा आरसा बहिर्वक्र असतो, गाडी असते त्यापेक्षा लांब भासते. नाशिकमध्ये डावीकडूनच जास्त ओव्हरटेक होतात, त्यामुळे फसगत तिथेच होते.

गोदाकाठची_ताई

आणि बसच्या पुढे?

आरसा_उघडा

बस थांब्यावरून निघताना तिला सरळ व्हायला दीड लेन लागते. १२ मीटरची बस, रुंदी अडीच मीटरच्या वर. तिचा उजवा इंडिकेटर लागला की तिच्या उजव्या नाकाशी घुसायचं नाही. ५ सेकंद थांबलात तर ती निघून जाते. घुसलात तर ती अर्धी बाहेर अडकते आणि मागे दोन्ही लेन बंद. ट्रकच्या डाव्या बाजूला तर कधीच रेंगाळू नका.

मागचा_ब्रेक

लोक लेन का बदलतात याचं एक गमतीदार कारण आहे. शेजारची लेन नेहमी जास्त वेगात वाटते.

१९९९ मध्ये दोघा कॅनेडियन संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की दोन्ही लेनचा सरासरी वेग अगदी सारखा असला तरी असंच वाटतं. कारण साधं आहे. समजा दोन्ही लेन आळीपाळीने १ किलोमीटर ताशी ३० ने आणि १ किलोमीटर ताशी १० ने सरकतात. ३० चा किलोमीटर २ मिनिटांत संपतो, १० च्या किलोमीटरला ६ मिनिटं लागतात. म्हणजे ८ मिनिटांपैकी ६ मिनिटं तुम्ही हळू चालता आणि शेजारचे पुढे जाताना बघत बसता. तुम्ही ज्यांना मागे टाकलं ते दोन मिनिटांत झटकन मागे गेले, आरशात लहान झाले. जे पुढे गेले ते समोर दिसतच राहतात.

वर आणखी एक. समजा ६ किलोमीटर अंतरात इकडून तिकडे करत सरासरी ३० ची ३३ केली. १२ मिनिटांची १०.९ झाली, ६६ सेकंद वाचले. वाटेत १२० सेकंदांचे सिग्नल असतील तर हे ६६ सेकंद बहुतेक वेळा पुढच्या लालमध्ये उभं राहण्यातच जातात.

डिव्हायडर

धागा छान चाललाय, पण सगळा भार ड्रायव्हरच्या डोक्यावर जातोय. अभ्यासक लेनबदलाचे दोन प्रकार करतात: मर्जीचा आणि सक्तीचा. मर्जीचा म्हणजे पुढे जायला मिळावं म्हणून. सक्तीचा म्हणजे वळायचंय, किंवा समोरची लेनच संपलीय. नाशिकमध्ये त्रास देणारे बरेचसे बदल सक्तीचे आहेत, आणि ती सक्ती रस्ता करतो.

गंगापूर रोड किंवा कॉलेज रोड घ्या. दुकानासमोर डाव्या कडेला एक कार उभी. तिने २ मीटर खाल्ले. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये उरले दीड, त्यातून दुचाकी जाते, कार नाही. म्हणजे एका उभ्या कारने १०० मीटरची लेन बंद केली, कारण ६० मीटर अलीकडूनच लोक उजवीकडे सरकायला लागतात आणि पुढे गेल्यावर डावीकडे परततात. तासाला डाव्या लेनमधल्या ४०० गाड्या उजवीकडे जाऊन परत आल्या तर ८०० लेनबदल झाले. एका कारचं पार्किंग, ८०० बदल. यातला एकही ड्रायव्हर बेशिस्त नव्हता.

दुसरं, दुभाजकातलं यू-टर्नचं तोंड. हॅचबॅकला वळायला भिंत ते भिंत साधारण १० मीटर लागतात, एसयूव्हीला ११-१२. दुभाजकाला अगदी चिकटून उभ्या कारची डावी कड दुभाजकापासून २.२ मीटरवर. दुभाजक १.२, पलीकडचा रस्ता ७. बेरीज १०.४. हॅचबॅक कशीबशी बसते. पलीकडे कडेला एक गाडी उभी असली की उरतात ८.४, आणि कुठलीच कार एका दमात वळत नाही. म्हणून ड्रायव्हर आधी डाव्या लेनमध्ये गाडी घेतो आणि तिथून वळसा टाकतो. मागच्याला वाटतं डावीकडे चाललाय, तो उजवीकडून पुढे जायला बघतो. बाकी कल्पना करा. तोंड बुजवून ते रस्ता रुंद असेल तिथे नेणं, किंवा पलीकडच्या कडेला तोंडासमोर ३०-४० मीटर पार्किंग पूर्ण बंद करणं, हे दोनच उपाय. बोर्ड लावून भागत नाही, बॅरिकेडच लागतात.

पीसीयू_मास्तर

डिव्हायडर यांना +१. एक भर. उजवीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळी जागा नसेल तर दोन लेनच्या रस्त्यात वळायला थांबलेली पहिली गाडी उजवी लेन बंद करते. तिच्या मागचे सरळ जाणारे डावीकडे सरकतात. रस्त्यात दुभाजक रुंद असेल तर त्यातून ३ मीटर कापून ४०-५० मीटरची थांबण्याची लेन काढता येते, सहा-सात कार मावतात. त्या सहा-सात कार मुख्य लेनमधून गेल्या की सक्तीचे बदल बंद.

कोंडी एकदा झाली की तोंडातून निघणारा प्रवाह कोंडीच्या आधीपेक्षा साधारण ५ ते १५ टक्क्यांनी कमी होतो, असं महामार्गांच्या अरुंद जागांवर पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय. त्याचं एक मोठं कारण लेनबदलच. हळू सरकणारी गाडी वेगातल्या लेनमध्ये घुसली की तिच्यापुढे मोकळी पोकळी तयार होते आणि ती पोकळी भरेपर्यंत वेळ वाया जातो. म्हणून कोंडी होऊ न देणं हे कोंडी सोडवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

सातपूर_शिफ्ट

मग इंदिरानगरच्या बोगद्याचं बोला. गोविंदनगरकडून आलेले आणि सर्व्हिस रोडवरचे, दोघंही एकाच तोंडात. तिथे शेवटपर्यंत येऊन घुसणारा बरोबर की मागे रांग लावणारा?

मागचा_ब्रेक

पुस्तकी उत्तर: शेवटपर्यंत या, आणि तोंडाशी एकाआड एक. कपड्याच्या झिपच्या दातांसारखं. जर्मनीत तर हा कायदाच आहे. फायदा असा की दोन्ही रांगा पूर्ण लांबीला भरतात, त्यामुळे एकूण रांग निम्मी होते आणि मागचा चौक मोकळा राहतो. आणि छेद एकाच ठिकाणी होतो, दहा ठिकाणी नाही.

पण याने तोंडाची क्षमता वाढत नाही. बोगद्यातून जेवढ्या जातात तेवढ्याच जाणार. आणि एकाआड एक चालायला दोघांचा वेग सारखा हवा. एक बाजू ताशी ५ ने सरकतेय आणि दुसरीकडून कुणी ३० ने येऊन घुसला तर तो झिपचा दात नाही, पाचर आहे.

सातपूर_शिफ्ट

एकाआड एक आपल्याकडे? एकाआड चार दुचाक्या.

मागचा_ब्रेक

तेही चालेल, मी विनोद करत नाही. चार दुचाक्या म्हणजे ०.७५ × ४ = ३ पीसीयू. एक कार, तीन पीसीयूचा घोळका, एक कार. क्रम बिघडत नाही तोवर प्रवाह चालतो. क्रम बिघडतो तो दोन कार एकाच फटीसाठी नाकाला नाक लावतात तेव्हा. कुणीच मागे येऊ शकत नाही कारण मागे दुचाक्या भरलेल्या.

चौफुली

गोलाकार चौकाचंही उरकून टाकू. आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, म्हणजे आपल्या उजवीकडून येणाऱ्याला. २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या नियमावलीत हेच आहे. हा नियम मोडला की सर्कल स्वतःलाच कुलूप लावतं: आत शिरलेल्यांनी बाहेर पडणाऱ्यांची वाट अडवली, आणि बाहेर पडणारे सुटत नाहीत म्हणून आत शिरलेलेही अडकले. मग पोलिसाने एक बाजू पूर्ण थांबवेपर्यंत काहीच हलत नाही.

डावीकडे बाहेर पडायचं असेल तर शिरतानाच डावी लेन. उजवीकडे जायचं असेल तर शिरतानाच आतली, बेटाजवळची लेन, आणि आपल्या आधीचं तोंड ओलांडल्यावर डावा इंडिकेटर देऊन बाहेर. दोन तोंडांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी ३०-४० मीटर. ताशी २० ला हे ५-७ सेकंदांत संपतं आणि त्यातच लेन बदलायची असते. वेग वाढवून हे जमत नाही, कमी करूनच जमतं.

कांदा_पिकअप

एक गोष्ट सगळे विसरले. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डाकडे जाणारे ट्रॅक्टर-ट्रॉली. कांद्याच्या आणि द्राक्षाच्या हंगामात पंचवटीत त्यांची भर पडते, वर पिकअप आणि छोटा हत्ती.

पीसीयू_मास्तर

बरोबर. त्याच आयआरसी:१०६ मध्ये ट्रॅक्टर-ट्रेलरला ४ ते ५ पीसीयू आहेत, बस-ट्रकला २.२ ते ३.७, रिक्षाला १.२ ते २. एक ट्रॉली म्हणजे पाच कारची जागा. पण खरा प्रश्न जागेचा नाही, वेगातल्या फरकाचा आहे. भरलेली ट्रॉली ताशी १५ ने, मागची कार ४० ने. मागे आलेल्या प्रत्येकाला लेन बदलावी लागते. दोन ट्रॉल्या शेजारीशेजारी चालल्या तर पूर्ण रस्ता १५ वर येतो. ट्रॉलीने डावी लेन सोडायची नाही आणि दुसऱ्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायचं नाही, एवढं पाळलं तरी बरंच. ट्रॉलीला मागे दिवे आणि रिफ्लेक्टर नसतील तर पहाटे मागच्याचा बदल शेवटच्या क्षणी होतो. हा वाहतुकीचा प्रश्न राहत नाही मग, जिवाचा होतो.

श्रावणी सोमवारी त्र्यंबक रोडला उलटं. तिथे गाड्या सारख्याच वेगाच्या, पण सगळ्या एकाच दिशेला. तिथे लेन बदलून कुणालाच काही मिळत नाही, तरी बदलतात.

गोदाकाठची_ताई

दंड किती आहे याला?

चौफुली

२०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्याला १७७-अ कलम जोडलं गेलं. वाहन चालवण्याच्या नियमावलीचा भंग केला तर ५०० ते १००० रुपये. न सांगता लेन बदलणं त्यात बसतं. पण कॅमेऱ्याने सिग्नल तोडलेला पकडणं सोपं, इंडिकेटर न देता सरकलेली गाडी पकडणं अवघड. मला विचाराल तर दंडापेक्षा चौकाच्या अलीकडे शेवटचे ५० मीटर अखंड पांढरी रेघ आणि मध्ये लवचीक प्लास्टिकचे खांब, हे जास्त काम करतं. खांब दिसले की लोक आधीच ठरवतात. खांब मोडतात, वर्षाला बदलावे लागतात, तो खर्च धरूनच.

डिव्हायडर

खांब लावायच्या आधी मोजा, नाहीतर चुकीच्या चौकात लागतील. पद्धत: पादचारी पुलावरून किंवा इमारतीच्या गच्चीतून मोबाइलवर एक तासाचं चित्रीकरण, संध्याकाळी ६ ते ७. स्टॉप लाइनपासून मागे ६० मीटर दिसायला हवेत. प्रत्येक फेरीला चार आकडे लिहायचे: हिरव्यात निघालेल्या कार, दुचाक्या, रिक्षा-बस-ट्रक, आणि शेवटच्या ६० मीटरमधले लेनबदल. चौथा आकडा जास्त असलेल्या दहा फेऱ्या आणि कमी असलेल्या दहा फेऱ्या वेगळ्या काढायच्या. दोन्हींतल्या पीसीयूंचा फरक म्हणजे त्या चौकात लेनबदलाची किंमत. तीन दिवस मोजा, त्यात सोमवार नको आणि पाऊस नको.

सातपूर_शिफ्ट

रिक्षा मधेच थांबून प्रवासी घेते तो लेनबदल धरायचा का?

डिव्हायडर

रिक्षाचा नाही. तिच्यामुळे मागचे जेवढे सरकले तेवढे सगळे धरायचे, आणि शेजारी 'रि' लिहायचं. तासाच्या शेवटी 'रि' चे आकडे वेगळे काढलेत तर त्या चौकात खांब लावायचे की रिक्षा थांबा ७०-८० मीटर पुढे न्यायचा, ते तक्त्यातच दिसेल.